आईच्या दंडावरचा सेन्सर, माझ्या मोबाईलवरचा आकडा: सीजीएम घरी नीट कसा लावायचा

आई मिरजेजवळच्या गावात एकटी राहते, वय ७१, इन्सुलिन दिवसातून दोनदा. मी पुण्यात, ताई नाशिकला. गेल्या वर्षी दोनदा तिची शुगर पहाटे लो झाली, एकदा तर दरदरून घाम येऊन ती मोरीच्या दारातच बसून राहिली आणि आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, तेही बोलता बोलता. मग डॉक्टरांशी बोलून सीजीएम लावला, म्हणजे दंडावर चिकटवायचा तो गोल सेन्सर जो दिवसरात्र शुगर बघत राहतो आणि मोबाईलवर पाठवतो. लावायला पाच मिनिटं लागतात. नीट चालायला मात्र आम्हाला दीड महिना लागला, कारण डबीतल्या कागदावर लावायचं कसं ते सगळं असतं, पण आई एका गावात आणि मुलं दुसऱ्या गावात असली की काय काय बिघडतं ते कुठेच नसतं. ते लिहून ठेवतोय. कुठल्या कंपनीचा घेतला ते सांगत नाही, पद्धत सगळ्यांना साधारण सारखीच लागू आहे. आणि औषधाचा डोस बदलायचा विषय इथे नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा.

आधी एका कागदावर साखळी काढा

हे हसण्यावारी नेऊ नका, मी खरंच वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढली होती. कातडीखाली जेमतेम ५ मिलिमीटरची बारीक तार असते. तिच्यावर एन्झाइम असतं, ग्लुकोज तिथे आलं की किंचित वीज तयार होते. त्या विजेवरून मिलिग्रॅमचा आकडा काढायचं काम अल्गोरिदमचं. हा आकडा ब्लूटूथने आईच्या मोबाईलवर जातो, तिथून इंटरनेटने कंपनीच्या क्लाउडवर, आणि तिथून माझ्या नि ताईच्या मोबाईलवर. म्हणजे तार, ब्लूटूथ, आईचा फोन, तिथलं नेट, क्लाउड, माझं नेट, माझा फोन. सात कड्या, आणि सातही तुटतात, आमच्याकडे तर पहिल्याच महिन्यात पाच तुटून झाल्या.

या साखळीत मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही, की आईच्या फोनवरचा अलार्म पहिल्या तीन कड्यांवरच चालतो, त्याला इंटरनेट लागत नाही. माझ्या फोनवरच्या अलार्मला सातच्या सात लागतात. त्यामुळे भिस्त ठेवायची ती आईच्या उशाशी वाजणाऱ्या अलार्मवर आणि शेजारच्या काकूंवर. माझ्या फोनवर येतो तो बोनस.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. ३० नोव्हेंबर २०१९ ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, असेच सेन्सर बनवणाऱ्या डेक्सकॉम कंपनीची, लांबून आकडे बघायची ‘फॉलो’ सेवा मध्यरात्रीनंतर बंद पडली, सर्व्हरवर ताण आला म्हणून. पेशंटच्या स्वतःच्या फोनवर आकडे येत होते, पण मुलांच्या शुगरवर दुसऱ्या खोलीतून नजर ठेवणाऱ्या आईबापांच्या फोनवर काहीच येत नव्हतं आणि बऱ्याच जणांना ते सकाळपर्यंत कळलंच नाही. फोन शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे असंच माणूस धरून चालतो ना.

विकत घेताना

एक सेन्सर काही हजारांचा, चालतो साधारण १४-१५ दिवस. इन्सुलिनवर नसलेल्या माणसाला कायम लावायची गरज नसते, बरेच डॉक्टर तीनचार महिन्यांतून एकदा लावून शुगरचा चढउतार बघतात. आईला मात्र आम्ही सलग ठेवलाय.

घेण्याआधी आईचा फोन त्या ॲपच्या चालणाऱ्या फोनच्या यादीत आहे का ते कंपनीच्या साइटवर बघा. आमच्या आईचा जुना फोन यादीत नव्हता, तरी ॲप इन्स्टॉल झालं, चार दिवस चाललं आणि पाचव्या दिवसापासून मनात येईल तेव्हा चालायला लागलं. शेवटी फोन बदलला. सेन्सरबरोबर फोनही नवा लागेल या हिशोबाने बजेट धरा म्हणजे नंतर चिडचिड होत नाही.

भाचा परदेशातून येणारच आहे तर त्याला सांगू स्वस्तात आणायला, हा मोह सगळ्यांना होतो. तिकडचा सेन्सर इकडच्या ॲपमध्ये चालेलच असं नाही, आणि बिघडला तर बदलून कोण देणार. भारतात मेडिकल डिव्हाइससाठी २०१७ चे नियम आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून नुसतं सॉफ्टवेअरसुद्धा मेडिकल डिव्हाइसच्या व्याख्येत आलंय, तेव्हा बाहेरून आलेल्या डबीवर इथल्या आयातदाराचं नाव-पत्ता आणि लायसन नंबर छापलेला असतो का ते बघून घ्या.

डबीवरचा लॉट नंबर आणि सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा, डबी टाकून देऊ नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲबट कंपनीने आपल्या लिब्रे ३ आणि ३ प्लसच्या काही सेन्सरबद्दल जाहीर इशारा दिला होता की ते खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू शकतात. अशा वेळी तुमचा सेन्सर त्यातला आहे का हे त्या नंबरवरूनच कळतं.

आणि सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ, अंगठी वगैरे जे ऑनलाइन दीड-दोन हजारात मिळतं, ते घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं की कातडीत न शिरता स्वतः शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. घड्याळावर शुगर दिसते ती सेन्सरकडून आलेली असेल तर ठीक, घड्याळ स्वतःच मोजतंय म्हणत असेल तर तो नुसता आकड्यांचा खेळ.

अकाउंट उघडताना

अकाउंट आईच्या नावाने, आईच्या वेगळ्या ईमेलवर. मी पहिल्यांदा माझ्याच ईमेलवर काढलं, घाई होती, आणि मग फॉलोअर म्हणून, म्हणजे लांबून आकडे बघणारा म्हणून, स्वतःलाच जोडता येईना, सगळं पुसून परत करावं लागलं. पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा, ताईलाही माहीत असू दे.

फॉलोअर किती जोडता येतात हे ॲपवर आहे, लिब्रेच्या ॲपमध्ये २० जण, डेक्सकॉममध्ये १०. याचा अर्थ २० जोडा असा नाही हो! आम्ही उत्साहात मामा, दोन्ही भाचरं, वहिनी सगळ्यांना घेतलं आणि पहिल्याच रात्री ७२ दाखवल्यावर आईला नऊ फोन. ती बिचारी म्हणाली, “शुगरने नाही रे, तुमच्या फोननं मरीन मी.” आता तिघंच आहोत, मी, ताई आणि शेजारच्या काकूंचा मुलगा.

डॉक्टरांच्या दवाखान्याला जोडायला वेगळा कोड असतो, तो त्यांच्याकडून घ्या. बाकी परवानगीची पानं येतात तेव्हा ‘संशोधनासाठी माहिती वापरू द्या’ हे वेगळं विचारलं जातं का ते बघा आणि आईला विचारून ठरवा, माहिती तिच्या शरीराची आहे. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ चा आहे, त्यात संमती मागे घ्यायची तरतूद आहे. पण खरी गळती कुठून होते सांगू का, आपणच फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो तिथून.

फोनची सेटिंग, सगळा जीव इथे आहे

इथे घाई करू नका, अर्धा तास द्या, गावी स्वतः जाऊन करा, व्हिडिओ कॉलवर नको.

अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप मारून टाकतो. कंपनीगणिक नाव वेगळं, पण बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायचं, ऑटोस्टार्ट चालू करायचं, आणि कोणी येऊन “फोन साफ करून देतो” म्हणत सगळी ॲप बंद करून जाणार नाही हे आईला बजावायचं. आमच्याकडे पुतण्या हे काम अगदी प्रेमाने करतो. नोटिफिकेशन चालू, लोकेशन मागितलं तर द्या, ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्येही वाजायची परवानगी द्या. फोनचं सॉफ्टवेअर आपोआप अपडेट होणं बंद ठेवा, आधी ॲपवाले त्या व्हर्जनवर चालतं म्हणतायत का बघायचं आणि मग स्वतः करायचं. एफडीएने फेब्रुवारी २०२५ मध्ये नेमका याच गोष्टीवर इशारा काढला होता, फोनच्या सेटिंगमुळे, अपडेटमुळे, नवीन हेडफोन जोडल्यामुळे डायबेटिसचे अलार्म वाजलेच नाहीत अशा तक्रारी आल्यावर. हेडफोनचं लक्षात घ्या, आई रात्री कानात ब्लूटूथ घालून कीर्तन ऐकत झोपत असेल तर अलार्म त्या कानातल्यात वाजू शकतो, जे तोवर गळून उशीखाली गेलेलं असतं.

आता लो अलार्मचा आकडा. ७० च्या खाली लो, ५४ च्या खाली गंभीर, ही डॉक्टरांची सर्वसाधारण मोजपट्टी. वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला तो थोडा वर, ८० वगैरे ठेवावा का हे डॉक्टरांना विचारा, आमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं. हायचा अलार्म पहिले पंधरा दिवस बंदच ठेवा, नाहीतर दिवसभर केकाटतो, आणि माणूस वैतागून सगळेच बंद करतो. माझ्या फॉलोअर ॲपमधला अलार्म वेगळा लावता येतो, तो मी ७० वर ठेवलाय, म्हणजे आधी आई उठते, मग गरज असेल तर मी.

सगळं लावून झालं की मुद्दाम वाजवून बघा. शुगर १४० असेल तर हाय अलार्मचा आकडा तात्पुरता १२० वर आणा, फोन बोंबलला पाहिजे. मग आईच्या फोनचा डेटा बंद करून तेच परत करा. तिचा फोन वाजेल, तुमचा गप्प. हे तिला आणि काकूंना दोघींना दाखवा. आमच्या काकू तेव्हा म्हणाल्या, “म्हणजे रेंज गेली की तू आंधळा, मी नाही.” मला सहा ओळींत सांगता आलं नसतं ते.

सेन्सर लावणं

दंडाची मागची बाजू, जिथे चिमटीत येतं तिथे. आंघोळीनंतर, तेल-लोशन न लावता, स्पिरीटने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. आईच्या हाताला रोज खोबरेल तेल, त्यामुळे पहिला सेन्सर नवव्या दिवशी ब्लाउजच्या बाहीबरोबर निघून आला. बाही घट्ट असेल तर बाहीच्या जरा वर किंवा खाली लावा, आणि ज्या कुशीवर झोपते त्या बाजूचा दंड टाळा. हे टाळा म्हणतोय त्याचं कारण पुढे आहे. लावल्यावर सुरू व्हायला प्रकाराप्रमाणे अर्धा ते दोन तास लागतात, आणि पहिल्या दिवशी आकडा जरा इकडेतिकडे असतो, त्या दिवशी बोट टोचून ताडून बघत राहा. एमआरआय वगैरे काढायचा असेल तर आधी सेन्सर आहे हे सांगा.

आकडा वाचायचा कसा

सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, पेशींच्या मधल्या पाण्यातली मोजतो, म्हणून तो ५ ते १० मिनिटं मागे असतो. शुगर स्थिर असेल तेव्हा काही फरक पडत नाही. जेवणानंतर चढत असताना किंवा इन्सुलिनने उतरत असताना बोट टोचून बघायचा ग्लुकोमीटर आणि सेन्सर भांडतात, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आकड्याशेजारचा बाण जास्त कामाचा. लिब्रेमध्ये आडवा बाण म्हणजे मिनिटाला १ पेक्षा कमी बदल, तिरका म्हणजे १ ते २, सरळ वर किंवा खाली म्हणजे २ पेक्षा जास्त. आता गणित करा, ११० आणि बाण सरळ खाली, म्हणजे वीस मिनिटांत ७० च्या आत. ११० बघून “छान आहे की” म्हणू नका.

एआय म्हणतात ते इथेच कुठेतरी बसलेलं असतं. कच्च्या विजेवरून आकडा, मागच्या आकड्यांवरून बाण, आणि पुढचा अंदाज. डेक्सकॉमचा एक अलार्म २० मिनिटांत ५५ वर जाणार असं वाटलं की आधीच वाजतो. रोशच्या ॲक्यु-चेक स्मार्टगाइडला २०२४ मध्ये युरोपात मान्यता मिळाली, तो झोपताना पुढच्या ७ तासांत शुगर लो व्हायचा धोका किती ते सांगतो. कामाच्या गोष्टी आहेत, पण हे अंदाज मागच्या आकड्यांवरून, आणि आपल्या घरचं कॅलेंडर त्यांना माहीत नाही. आषाढी एकादशीला आईने सकाळचं इन्सुलिन नेहमीइतकंच घेतलं आणि खाल्लं काय तर दोन केळी. ११ वाजता बाण खाली. आणि दुपारी दोन वाजता साबुदाण्याची खिचडी, तेव्हा बाण सरळ वर, २४० च्या पुढे. ॲपने दोन्ही वेळा सांगितलं, पण झाल्यावर. उपासाच्या दिवशी काय करायचं हे आता डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलंय, वर्षभराच्या एकादश्यांसकट.

ताटाचा फोटो काढून कार्बोहायड्रेट सांगणाऱ्या एआयबद्दल माझं मत सांगतो. फोटोत भाकरी दिसते, भाकरीची जाडी दिसत नाही, आणि पुरणपोळीत गूळ किती ते पोळी लाटणारीलाच माहीत. गंमत म्हणून बघा. त्यावरून इन्सुलिनचे युनिट ठरवू नका, आणि चॅटबॉटला विचारूनही नाही.

तीन वेळा फसलो, ते

एक. रात्री ३ वाजून १० मिनिटांनी माझा फोन वाजला, ५८. आईला फोन, उचलत नाही. काकूंना उठवलं, त्या बॅटरी घेऊन गेल्या, दार वाजवून वाजवून उघडलं. बोट टोचलं तर १२४. आई त्याच दंडावर दाबून झोपली होती. दाबलं की तिथे ग्लुकोज पोचत नाही आणि सेन्सरला खोटा लो दिसतो, कुशीवर वळलं की दहा-पंधरा मिनिटांत आकडा आपला वर येतो. आलेखात हे ओळखता येतं, खरा लो बहुधा उतारासारखा येतो, दाबलेला विहिरीत दगड पडावा तसा. तरी रात्री ओळखत बसू नका, बोट टोचा. बोट टोचणारं कोणी जवळ नसेल तर खरा धरून चाला.

दोन. याच्या उलटं झालं. संध्याकाळभर माझ्या फोनवर १३६, १३६, निवांत. नऊ वाजता लक्षात आलं की आकड्याखाली वेळ ५ वाजून ४० ची आहे. आईचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि ती अंगणापलीकडे जोशींकडे भजनाला. ब्लूटूथ साधारण सहा मीटर, काही सेन्सरचं दहा, मध्ये दगडी भिंत असेल तर तेवढंही नाही. अशा वेळी बऱ्याच सेन्सरमध्ये साठलेले मागचे आकडे नंतर येतात, पण मधल्या वेळात अलार्म कोणाचाच वाजत नाही. तेव्हापासून आकड्याच्या आधी वेळ बघायची सवय लावून घेतलीये आणि ‘सिग्नल गेला’ हा वेगळा अलार्म असतो तो चालू केलाय. आईला कापडाची छोटी पिशवी शिवून दिलीये, गळ्यात फोन.

तीन. सर्दीचा सीझन, आई व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या दिवसाला दोन-तीन खात होती, कोणी सांगितलं देव जाणे. लिब्रेसारख्या काही सेन्सरच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की दिवसाला ५०० पेक्षा जास्त व्हिटॅमिन सीने आकडा खोटा वर दिसू शकतो, म्हणजे खरा लो झाकला जातो. डेक्सकॉमच्या पत्रकात पॅरासिटामॉलचं आहे, दर सहा तासांनी १ ग्रॅमपेक्षा जास्त घेतलं तर. तुमच्या सेन्सरचं पत्रक काढा, ‘अडथळा आणणारी औषधं’ हा परिच्छेद शोधा आणि औषधांच्या डब्यावर चिकटवा.

फ्रिजवरचा कागद

क्लाउडमधून ग्लुकोज पाठवता येत नाही, ते घरातच लागतं. आमच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: ७० च्या खाली किंवा घाम-थरथर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून, १५ मिनिटं थांबून बोट टोचायचं, अजून कमी असेल तर परत. सेन्सर मागे असल्यामुळे तो लगेच वर दाखवत नाही, तेव्हा त्याच्याकडे बघून डबाभर साखर खायची नाही. साखरेऐवजी ग्लुकोज का, तर आईला व्होग्लिबोज ही डायबेटिसची गोळी आहे आणि ती गोळी साखर फुटू देत नाही, लो झाल्यावर साध्या साखरेचा गुण यायला वेळ लागतो. ही गोळी आपल्याकडे भरपूर जणांना असते, चिठ्ठी तपासा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन. खाली काकूंचा, त्यांच्या मुलाचा आणि डॉक्टरांचा नंबर. घराची एक किल्ली काकूंकडे. ही किल्ली आम्ही त्या ३ वाजून १० च्या रात्रीनंतर दिली.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट

ॲपमधून १४ दिवसांचा रिपोर्ट निघतो, एकाच पानावर दिवसभराचा पट्टा. निदान ७० टक्के वेळ सेन्सर चालू असेल तरच तो भरवशाचा. बघायचं काय, तर ७० ते १८० च्या मध्ये किती वेळ. सर्वसाधारण प्रौढाला ७० टक्क्यांच्या वर असावा म्हणतात, पण वय झालेल्या, धोका जास्त असलेल्या माणसाला ५० टक्क्यांच्या वर चालतो आणि त्यांच्यात जास्त महत्त्वाचं म्हणजे ७० च्या खाली १ टक्क्यापेक्षा कमी वेळ. आईचा पहिला रिपोर्ट ५८ टक्के आणि खाली ४ टक्के. ताई ५८ बघून नाराज होती, डॉक्टरांनी मात्र त्या ४ वर बोट ठेवलं आणि रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. पुढच्या रिपोर्टात खालचा आकडा १ च्या आत आला. प्रिंट काढून न्या, दवाखान्यात नेट नसतं.

स्वतःचा सर्व्हर उभारायची हौस असेल तर नाइटस्काउट नावाचा फुकट प्रकल्प आहे. २०१३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक नावाच्या इंजिनियर बापाने मुलाच्या सेन्सरचे आकडे ऑफिसात बसून दिसावेत म्हणून कोड लिहिला, त्यातून तो वाढला. भारी प्रकार आहे, पण क्लाउड फुकट म्हणून त्यावर घर बांधू नका. हजारो जणांचं नाइटस्काउट हेरोकू नावाच्या कंपनीच्या फुकट सर्व्हरवर होतं आणि २८ नोव्हेंबर २०२२ ला हेरोकूने फुकटचं बंद केलं, लोकांना धावतपळत दुसरीकडे हलवावं लागलं. मी आयटीत असूनही आईसाठी हे केलं नाही, मी आजारी पडलो तर सर्व्हर कोण बघणार.

बदलायचा दिवस

सेन्सरची मुदत संपली की तो आपोआप थांबतो, आणि हमखास रात्री अकराला. मुदत संपायच्या दिवशी सकाळीच बदला, म्हणजे गोंधळ झाला तर दिवस हाताशी असतो आणि मेडिकल उघडं असतं. एक सेन्सर कायम जादा ठेवा. काढताना कडेला खोबरेल तेल लावलं की चिकटपट्टी सोलत नाही, तिथे तेल चालतं. नवीन दुसऱ्या दंडावर. आम्ही मंगळवार धरलाय, बुधवारी गावचा बाजार असतो आणि काकू घरी नसतात.